मण्यांवर काचकणांचा साज

टॉर्चच्या ज्योतीवर काचमणी करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर एक डबा हमखास सापडतो. काचेच्या सळयांचे उरलेले, बोटाच्या पेराएवढे तुकडे त्यात साठत जातात. ज्योतीत धरायला ते आखूड पडतात आणि टाकून द्यायला हात धजत नाही. हेच तुकडे कुटून, चाळून आणि धुऊन ठेवले, तर साध्या पांढऱ्या मण्यावर त्यांतून ठिपके उमटवता येतात, ढग उतरवता येतात, घासलेल्या दगडासारखा पोत आणता येतो. अशा कुटलेल्या काचेला या कामात फ्रिट म्हणतात. ती बाजारात तयारही मिळते. मात्र घरी केलेल्या फ्रिटमध्ये कोणती काच आहे, हे करणाऱ्याला पक्के ठाऊक असते आणि या कामात सगळ्यात आधी लागते ती हीच खात्री.

गरम मण्यावर काचेचे कण चिकटवणे ही काही आजकालची युक्ती नाही. मुरानो बेटावरच्या कारागिरांनी सतराव्या शतकात ॲव्हेंचुरिन नावाची काच घडवली. तिच्या पोटात तांब्याचे बारीक स्फटिक चमकतात. या काचेचे कण वेनिसच्या मण्यांवर सोनेरी झाक आणण्यासाठी वापरले जातात. काचमणी घडवण्याच्या कलेचा इटली आणि फ्रान्सच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०२० मध्ये समावेश झाला. घानातील क्रोबो समाजाची रीत आणखी वेगळी आहे. तिथे मणी टॉर्चवर घडवत नाहीत. बाटल्या कुटून केलेली पूड केओलिन लावलेल्या मातीच्या साच्यात भरतात, मधोमध कसाव्याच्या पानाचा देठ उभा करतात आणि साचा भट्टीत ठेवतात. देठ जळून जातो आणि त्या जागी भोक राहते. मराठी मुलखालाही काचमणी नवे नाहीत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ साली ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात काचेचे मणी मिळाले. पुढे १९६९ मध्ये दीक्षितांनी भारतीय काचेचा इतिहास स्वतंत्र ग्रंथातून मांडला.

काचेचे कूळ आधी पाहावे

तापली की काच फुगते आणि निवताना आक्रसते. ती किती आक्रसणार, हे तिच्या घटकद्रव्यांवर ठरते. या मापाला तापीय प्रसरण गुणांक म्हणतात. कारागिरांच्या तोंडी तो ‘सीओई’ असतो. पूर्वी मोरेत्ती नावाने ओळखली जाणारी मुरानोची एफेत्रे काच १०४ ची. अमेरिकेतील पोर्टलंडच्या बुल्सआय कंपनीची काच ९० ची. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांची बोरोसिलिकेट काच ३३ ची. तापमान एक अंश सेल्सियसने चढले की लांबीच्या एक कोटी भागांमागे किती भाग वाढतात, ते हे आकडे सांगतात.

फरक क्षुल्लक वाटतो, म्हणून हिशेब करून पाहावा. १०४ च्या काचेचा १० मिलिमीटरचा मणी आहे आणि त्यात ९० ची काच मिसळली आहे. काच घट्ट झाल्यापासून खोलीच्या तापमानापर्यंत तापमान सुमारे ५०० अंशांनी उतरते. एवढ्या प्रवासात दोन्ही काचांच्या आक्रसण्यात सुमारे ७ मायक्रॉनचा फरक पडतो. ९० ऐवजी ३३ ची काच असेल, तर तोच फरक ३५ मायक्रॉनवर जातो. धातू असता तर एवढा ताण सोसून थोडा वाकला असता. काच वाकत नाही, तडकते. कधी भट्टीतून काढतानाच तडकते, तर कधी हार कोणाच्या तरी गळ्यात गेल्यावर.

फुटक्या बाटल्या आणि बांगड्या यांच्या बाबतीत म्हणूनच सावध राहावे. दोन्ही सहसा सोडा-लाइम काचेच्या असतात, दिसायलाही सुरेख. पण प्रत्येक कारखान्याचे मिश्रण वेगळे. बाटलीची काच साधारणपणे १०४ पेक्षा बरीच कमी फुगते. हिरव्या बाटलीचा चुरा एफेत्रेच्या मण्यावर चढवणे म्हणजे तडा ओढवून घेणे. त्याच बाटलीच्या काचेचा मणी करून त्यावर त्याच बाटलीचा चुरा लावला, तर मात्र काही बिघडत नाही.

अनोळखी काच ओळखीच्या काचेशी जुळते का, हे पाहायला एक जुनी परीक्षा आहे. दोन्ही काचांचे सारखे छोटे गोळे ज्योतीत शेजारी शेजारी चिकटवावेत. ते एकमेकांत मिसळू न देता, पीळ न देता, त्यांतून हातभर लांब बारीक तार ओढावी आणि निवू द्यावी. तार सरळ राहिली तर काचा जुळल्या. ती कमानीसारखी वाकली, तर आतल्या बाजूची काच जास्त आक्रसली, म्हणजेच तिचा गुणांक मोठा. अशी जोडी बाजूला ठेवावी.

थोड्या प्रमाणात मात्र ९६ ची रंगीत फ्रिट १०४ च्या मण्यावर अनेक कारागीर वापरतात. मण्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आत राहायचे, असा त्यांचा दंडक असतो. १२ मिलिमीटरचा गोल मणी सुमारे सव्वादोन ग्रॅमचा भरतो. त्याचे पाच टक्के म्हणजे ०.११ ग्रॅम, चिमटीत जेमतेम येतील एवढे कण. हे कण पृष्ठभागावर विखुरलेले असावेत, भोकाजवळ दाटू नयेत आणि त्यांवर पारदर्शक काचेचा जाड थर चढवू नये. नवशिक्याने या वाटेला न जाता एकाच कुळातल्या काचा वापराव्यात.

कुटण्याच्या दोन रीती

पहिली रीत पाण्याची. पोलादाच्या खोलगट भांड्यात चार-पाच बोटे गार पाणी घ्यावे. सळईचे टोक ज्योतीत फिरवत मोठ्या वाटाण्याएवढा गोळा करावा आणि तो लालभडक असतानाच पाण्यात बुडवावा. चर्र आवाज होतो आणि गोळ्याच्या आरपार बारीक तड्यांचे जाळे पसरते. चिमट्याने दाबताच तो भुगाळतो. तडे आधीच पडलेले असल्यामुळे पुढे कुटायला जोर लागत नाही आणि धूळही कमी होते. यासाठी काचेचे भांडे कधीही घेऊ नये. पाण्यातून काढलेली सळई पुन्हा ज्योतीत धरायची झाल्यास आधी पूर्ण कोरडी करावी. धक्का बसलेले टोक उडू शकते, म्हणून ते लांबूनच हळूहळू तापवावे.

दुसरी रीत खलबत्त्याची. जाड लोखंडी खलबत्ता किंवा तळाला बूच बसवलेली पोलादी नळी आणि तिच्यात सैलसर बसणारा दांडा, एवढ्यावर काम भागते. तुकडे थोडेथोडे घालावेत आणि वर कापड झाकून सरळ ठोके द्यावेत. गोल घोटू नये. घोटल्याने काचेची नुसती पूड होते, कणी हाती लागत नाही. प्रत्येक आठ-दहा ठोक्यांनंतर चाळून हव्या त्या जाडीचे कण वेगळे काढावेत आणि उरलेले पुन्हा खलात घालावेत.

काचेचा एखादा कण सहज डोळ्यापर्यंत उडतो, म्हणून बाजूनेही बंद असलेला चष्मा लावूनच कुटायला बसावे. धुळीसाठी नीट बसणारा एन-९५ मास्क हवा. सिलिकोसिसला कारण ठरणारी स्फटिकी सिलिका काचेच्या धुळीत सहसा नसते, तरी ही धूळ श्वसनमार्गाला त्रास देतेच. काही लाल, नारिंगी आणि पिवळ्या काचांत कॅडमियमची संयुगे असतात, काही काचांत शिसे असते. ते पोटात किंवा छातीत जाता कामा नये. कुटण्याआधी तुकड्यांवर पाण्याचा हबका मारावा. काम संपल्यावर केरसुणी फिरवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. खलबत्ता, चाळण्या आणि चमचे एकदा या कामाला लागले, की स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत.

चुंबक, चाळणी आणि पाणी

कुटलेली काच लगेच मण्यावर लावली, तर दोन दोष हमखास दिसतात: काळे डाग आणि धुरकटपणा.

डाग पडतात ते खलबत्त्याच्या लोखंडाने. ठोक्यांबरोबर लोखंडाचे कण झडतात आणि ज्योतीत काळे होऊन काचेत रुततात. त्यावर उपाय सोपा आहे. एक जोरकस चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पसरलेल्या चुऱ्यावरून फिरवावा. काळी लव चिकटली की पिशवी उलटी करून लव आतच बंद करावी. चुंबकाला काही चिकटेनासे होईपर्यंत हे करावे. स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चुंबकाला दाद देत नाहीत. कुटण्याचे साधन चुंबकाला चिकटते का, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

नंतर चाळणे. बुल्सआय कंपनीची प्रतवारी अंदाजासाठी चांगली आहे: ०.२ मिलिमीटरपेक्षा बारीक ती पूड, ०.२ ते १.२ मिलिमीटर बारीक, १.२ ते २.७ मध्यम आणि २.७ ते ५.२ जाड. घरी एवढे काटेकोर माप लागत नाही. मैद्याची चाळणी, चहाची गाळणी आणि गव्हाची चाळण, अशा तीन जाळ्यांनी पूड, रवा, कणी आणि भरड असे चार भाग पडतात. टॉर्चवरच्या मण्याला रवा आणि कणी सर्वाधिक उपयोगी. भरड कण मोठ्या मण्यांसाठी किंवा पुन्हा कुटण्यासाठी ठेवावेत.

धुरकटपणा येतो धुळीने. प्रत्येक कणाला चिकटलेली पिठासारखी काचधूळ वितळताना हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकवते. पारदर्शक निळी काच मग ताकासारखी गढूळ दिसते. त्यासाठी रवा आणि कणी बरणीत घालून पाण्याने खळखळून धुवावी आणि वरचे पांढरट पाणी एका बादलीत ओतून टाकावे. पाणी निवळ येईपर्यंत धूत राहावे. बादलीतला गाळ खाली बसू द्यावा. तो मोरीत ओतला तर नळी तुंबते; वाळवून, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. धुतलेली फ्रिट स्टीलच्या ताटलीत पसरून खडखडीत वाळवावी. ओलसर कण गरम मण्यावर फुटतात.

शेवटी चिठ्ठी. काचेची कंपनी, गुणांक, रंगाचा क्रमांक आणि कणांची जाडी एवढे बरणीवर लिहिलेच पाहिजे. १०४ ची निळी आणि ९० ची निळी एकदा एकत्र झाली, की डोळ्यांनी वेगळी काढता येत नाही.

ज्योतीसमोर

मणी घडतो मँड्रेलवर, म्हणजे केओलिन आणि ॲल्युमिना यांच्या लेपात बुडवून वाळवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या काडीवर. लेपामुळे निवलेला मणी काडीवरून सुटतो. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाने काच दिसेनाशी होते, म्हणून डिडिमियम चष्मा लावतात. तो ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश अडवतो. खोलीत धूर आणि वायू बाहेर खेचणारा पंखा चालू असावा, सिलिंडर उभा असावा आणि गॅसच्या नळ्यांना ज्योत मागे फिरू न देणारे झडपयंत्र बसवलेले असावे. या तीन गोष्टींची तयारी नसेल, तर टॉर्च पेटवू नये.

सुरुवात एकरंगी, गोल मण्याने करावी. मणी आधी पूर्ण घडवून घ्यावा, कारण फ्रिट लावल्यावर आकार दुरुस्त करायला गेले की कण ताणले जातात. पितळी किंवा स्टीलच्या उथळ पळीत फ्रिटचा एकच पातळ थर पसरावा. मणी नारिंगी होईपर्यंत तापवावा, ज्योतीबाहेर काढावा, क्षणभर थांबावे आणि न दाबता कणांवरून लोळवावा. फार गरम मणी कण ढिगाने ओढून घेतो आणि काडीवर कलतो. कमी गरम असेल तर कण नुसते टेकतात आणि ज्योतीत नेताच गळून पडतात. योग्य तापमानाला मणी हलकासा चिकट लागतो आणि कण एकेक करून जागा धरतात. हा अंदाज चार-सहा मण्यांत येतो.

भोकाच्या दोन्ही टोकांशी जराशी कोरी कड सोडावी. तिथला एखादा कण लेपावर उतरला, की मणी काढल्यावर धारदार टोक राहते आणि तेच पुढे दोरा कापते.

मग मणी ज्योतीच्या वरच्या, सौम्य भागात सतत फिरवत न्यावा. थंड कण एकदम कडक ज्योतीत गेले तर उडतात. वर आलेले कोपरे आधी तापतात, गोलावतात आणि मग हळूहळू खाली बसतात. कुठे थांबायचे, ते करणाऱ्याने ठरवायचे. लवकर थांबले तर कण उठून दिसतात आणि मणी संक्रांतीच्या काटेरी हलव्यासारखा दिसतो. मात्र प्रत्येक कण बुडाशी पक्का जुळलेला हवा. कणाखाली खाच राहिली तर तो पुढे कधीतरी निखळतो. मध्यावर थांबले तर मण्यावर मऊ उंचवटे येतात. पूर्ण वितळवले तर पृष्ठभाग सपाट होतो आणि फक्त रंगांचे ठिपके उरतात. त्यावर पारदर्शक काचेचा थर चढवला, की तेच ठिपके खोलवर तरंगल्यासारखे दिसतात.

पुडीची रीत निराळी. ती लोळवून लावली तर गुठळ्या होतात आणि कडक ज्योतीत करपून राखाडी पडते. गरम मणी ज्योतीबाहेर धरावा, बारीक गाळणीतून पूड भुरभुरावी आणि ज्योतीच्या टोकाशी अलगद वितळवावी. एकाच दाट थरापेक्षा दोन-तीन विरळ थर नितळ बसतात. हे काम मास्क लावूनच करावे, कारण गाळणीतून उडणारी पूड नाकाच्या थेट समोर असते.

रंगांचे स्वभाव

पांढऱ्या किंवा हस्तिदंती मण्यावर पारदर्शक फ्रिटचा खरा रंग कळतो. काळ्यावर तीच फ्रिट दिसेनाशी होते. काळ्या मण्यावर अपारदर्शक रंग घ्यावेत. एफेत्रेची काळी काच मुळात अतिशय गडद जांभळी असते. तिचे बारीक कण पांढऱ्यावर पसरले की तो जांभळा उघडा पडतो. खरा काळा ठिपका हवा असेल, तर कण जाड घ्यावेत आणि ते पूर्ण पसरू देऊ नयेत.

काही रंग एकमेकांना भेटले की नवेच काही घडते. हस्तिदंती काचेत गंधकाची संयुगे असतात आणि फिरोजी काचेत तांबे. दोन्हींच्या सीमेवर तपकिरी-काळसर रेघ उमटते. फिरोजी फ्रिट हस्तिदंती मण्यावर पसरली, की प्रत्येक ठिपक्याला आपोआप काठ येतो आणि सबंध मणी नदीकाठच्या गोट्यासारखा प्राचीन वाटतो. हा परिणाम हवा असेल तर उत्तम, पण स्वच्छ निळे ठिपके हवे असतील तर मणी साधा पांढरा घ्यावा. फिरोजी काचेला आणखी एक खोड आहे. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला, तर तिच्यावर विटकरी साय धरते. अशा वेळी ऑक्सिजन वाढवावा आणि मणी टॉर्चच्या तोंडापासून लांब धरावा. चांदीयुक्त फ्रिटचे नेमके उलटे आहे. तिच्यावर धातूसारखी झळाळी यावी म्हणून शेवटच्या क्षणी ऑक्सिजन मुद्दाम कमी करतात. ॲव्हेंचुरिनचे कण कडक ज्योतीत उघडे राहिले तर चमक गमावतात, म्हणून त्यांवर लवकर पारदर्शक काच चढवावी.

मिश्रण करताना एक प्रमुख रंग, त्याच्या निम्मा दुसरा आणि अगदी थोडा तिसरा घ्यावा. सारख्या प्रमाणात घेतलेले पाच रंग वितळल्यावर एकमेकांत मिसळून मातकट दिसतात. मुख्य रंगाच्या कणांत थोडे पारदर्शक कण मिसळले, तर ठिपक्यांना हवेशीर जागा मिळते.

याच फ्रिटची तारही करता येते. पारदर्शक काचेचा मोठा गोळा कणांवर लोळवून वितळवावा, थोडा निवू द्यावा आणि मग चिमट्याने टोक धरून एका संथ ओढीत दोन-तीन मिलिमीटर जाडीची तार काढावी. ओढताना पीळ दिला तर कणांचे रंग गोलगोल रेघांत फिरतात. अशा तारेने मण्यावर वेली, देठ, काठ असे हवे ते काढता येते.

मणी निवताना

ज्योतीबाहेर आलेल्या मण्याचा पृष्ठभाग आधी आक्रसतो आणि गाभा मागे राहतो. फ्रिटच्या जाड-पातळ कणांमुळे हा ताण आणखी असमान होतो. म्हणून मणी तापवलेल्या विजेच्या भट्टीत ठेवून सावकाश निववतात. याला ॲनिलिंग म्हणतात. एफेत्रे काचेसाठी सुमारे ५१५ ते ५२० अंश सेल्सियस आणि बुल्सआयसाठी सुमारे ४८२ अंश तापमान ठेवतात. लहान मणी तेवढ्या तापमानात अर्धा ते एक तास राहू द्यावेत. मग तासाला साधारण ५० अंशांच्या बेताने ३७० अंशांपर्यंत उतरवावे आणि पुढे भट्टी बंद करून आपोआप निवू द्यावी. राख, व्हर्मिक्युलाइट किंवा सिरॅमिकच्या लोकरीत पुरलेला मणी सावकाश निवतो, म्हणून तेवढ्यापुरता तडकत नाही. पण त्याच्या पोटातला ताण जात नाही. असे मणी साठवून नंतर भट्टीत ॲनिल करता येतात, पण भट्टी थंड असतानाच आत ठेवावेत आणि हळूहळू तापवावेत. विकायचा किंवा भेट द्यायचा मणी ॲनिल केल्यावाचून हातातून सोडू नये.

ताण उरला आहे का, हे पारदर्शक मण्यात पाहता येते. ध्रुवीकरण करणाऱ्या दोन फिल्म एकमेकींवर काटकोनात धरल्या की प्रकाश अडतो. त्यांच्या मध्ये मणी ठेवावा. कणांभोवती उजळ वलये दिसली तर तिथे ताण आहे. सगळ्या मण्यात अंधूक उजेड असेल तर ॲनिलिंग अपुरे झाले. ठरावीक रंगाच्या कणांभोवतीच वलय असेल तर ती काचच जुळत नाही. त्या बरणीवर तशी खूण करून ठेवावी.

मँड्रेलवरून काढलेल्या मण्याच्या भोकात लेप उरतो. तो कोरडा खरवडला तर त्याची पूड उडते, म्हणून हिऱ्याच्या कणांची कानस वाटीभर पाण्यात बुडवूनच फिरवावी. उठाव ठेवलेल्या मण्यावरून शेवटी पातळ सुती मोजा ओढून पाहावा. जिथे धागा अडकेल, तो कण पुन्हा तापवून बसवायचा राहिला आहे.

पहिल्या सरावासाठी एक पांढरी सळई, एक पारदर्शक सळई आणि एकाच कुळातल्या दोन रंगांचे तुकडे पुरेत. प्रत्येक रंगाचा रवा आणि कणी करून ठेवावी. मग सारख्या आकाराचे सहा मणी करावेत: रव्याचे तीन, कणीचे तीन. प्रत्येक जाडीत एक उठाव ठेवलेला, एक अर्धवट बसवलेला आणि एक पूर्ण वितळवलेला. सहाही मणी दोऱ्यात ओवून बरणीच्या चिठ्ठीला बांधावेत. पुढच्या वेळी कोणती जाडी घ्यायची आणि ज्योतीबाहेर कधी यायचे, ते या नमुन्यांवरून ठरवता येईल.